प्रवासात टॅबवर फोटो बघणं आणि बॅकअप घेणं: रोज रात्री नेमकं काय करायचं

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. टॅबवर फोटो दिसले की बॅकअप झाला असं आपल्याला वाटतं, पण तसं नसतं. बऱ्याचदा टॅब फक्त कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डावरचा फोटो दाखवत असतो, कार्ड काढलं की फोटो पण गेला. किंवा फोटो टॅबमध्ये आलेले असतात पण आपण लगेच कार्ड फॉरमॅट करून टाकतो, म्हणजे कॉपी परत एकच, नुसती जागा बदलली. बॅकअप म्हणजे तोच फोटो एकाच वेळी दोन वेगळ्या वस्तूंवर, आणि त्या दोन वस्तू एका बॅगेत नकोत. बॅग चोरीला गेली, पाण्यात पडली, गाडीत राहिली तर दोन्ही एकदमच जाणार ना.

मी बरीच वर्षं लॅपटॉप न नेता फक्त टॅब घेऊन फिरते आणि माझा क्रम ठरलेला आहे: आधी कॉपी, मग मोजणी, मग निवांत बघणं. हा क्रम उलटा करायचा नाही. फोटो बघायला बसलं की वेळ कुठे जातो कळत नाही, डोळे मिटायला लागतात, कॉपी उद्यावर जाते आणि उद्या सकाळी तेच कार्ड परत कॅमेऱ्यात जातं.

टॅब हे गोदाम नाही

आधी थोडा हिशोब करू, म्हणजे कशाला काय लागतं ते कळेल. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक कॉम्प्रेस्ड रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची, मोठी फाइल) साधारण २५ ते ३० एमबीची असते. दिवसाला ५०० फोटो काढले तर १५ जीबीपर्यंत जातं, दहा दिवसात दीडशे. व्हिडिओ असेल तर विचारूच नका, १०० एमबीपीएसचा (सेकंदाला १०० मेगाबिट, आठ मेगाबिट म्हणजे एक एमबी) फोरके व्हिडिओ मिनिटाला ७५० एमबी खातो, म्हणजे तासाला ४५ जीबी. १२८ जीबीच्या टॅबमध्ये सिस्टम, ॲप्स, प्रवासात बघायला घेतलेले सिनेमे असं सगळं असताना हे मावणारच नाही आणि मावलं तरी तिसऱ्या चौथ्या दिवशी टॅब रडायला लागतो.

म्हणून टॅबला साठवणुकीचं काम द्यायचं नाही, ने-आण करायचं द्यायचं. एका बाजूला कार्ड, दुसऱ्या बाजूला छोटा पोर्टेबल एसएसडी (फिरते भाग नसलेला बाहेरचा ड्राइव्ह), मध्ये टॅब. कार्डावरून थेट एसएसडीवर कॉपी. टॅबच्या पोटात फक्त बघायला लागणारे जेपेग (कॅमेऱ्यानेच तयार करून दिलेले लहान फोटो) किंवा निवडलेले फोटो. आणि कार्ड घरी पोचेपर्यंत पुसायचं नाही, कारण कार्ड हीच तुमची पहिली कॉपी आहे. त्यासाठी कार्डं जास्त घ्या, सगळ्या यादीत मी पहिला नंबर त्यालाच देईन. एका मोठ्या कार्डापेक्षा दोन-तीन मध्यम कार्डं बरी, एक बिघडलं तर सगळी ट्रिप जात नाही.

हे सगळं आयपॅडवर पूर्वी जमायचं नाही. २०१० मध्ये पहिला आयपॅड आला तेव्हापासून कॅमेऱ्याचं कार्ड लावायचा ॲडॅप्टर मिळायचा, पण फोटो फक्त फोटोज ॲपमध्येच घेता यायचे. २०१९ मध्ये आयपॅडओएस १३ आलं आणि फाइल्स ॲपमध्ये बाहेरचा ड्राइव्ह दिसायला लागला, तेव्हापासून लॅपटॉप घरी ठेवता येतो असं मी म्हणेन. ॲन्ड्रॉइडवर ही सोय त्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

निघायच्या आधी

सामान थोडंच लागतं. टॅब, कार्ड रीडर, एसएसडी, एक यूएसबी-सी हब (एका पोर्टची अनेक पोर्टं करणारी डबी) ज्यात चार्जर पण लावता येतो, आणि एक जादा केबल. एसएसडीच का, जुनी फिरती हार्ड डिस्क का नाही? दोन कारणं. हार्ड डिस्कमध्ये फिरणारे भाग असतात, कॉपी चालू असताना धक्का लागला तर नुकसान होऊ शकतं. दुसरं म्हणजे तिला सुरू व्हायला जास्त करंट लागतो आणि टॅब तेवढा देईलच असं नाही, मग ती नुसती टिकटिक करत बसते आणि टॅबमध्ये दिसत नाही.

हबशिवाय गाडी अडते कारण बहुतेक टॅबला पोर्ट एकच. एकाच पोर्टमधून कार्ड, एसएसडी आणि चार्जिंग तिन्ही हवं असेल तर हब पाहिजेच, आणि तो पॉवर डिलिव्हरीवाला, म्हणजे चार्जरची वीज टॅबपर्यंत पोचवणारा पाहिजे. पण इथे एक बारीक गोष्ट आहे जी डब्यावर लिहिलेली नसते. कॉपी चालू असताना मध्येच हबला चार्जर लावला किंवा काढला तर बऱ्याच हबमध्ये एक क्षण सगळं तुटतं आणि परत जोडलं जातं. तो एक क्षण कॉपीच्या मध्यात आला की संपलं. म्हणून चार्जर आधी लावायचा, टॅब चार्ज होतोय हे बघायचं, मग कार्ड, मग एसएसडी, आणि काम संपेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही.

आता वेगाबद्दल. भोक यूएसबी-सीचं दिसलं म्हणून वेग सारखा नसतो. २०२२ चा दहाव्या पिढीचा साधा आयपॅड घ्या, पोर्ट यूएसबी-सी आहे पण वेग यूएसबी २.० चाच, ४८० मेगाबिट. प्रत्यक्षात सेकंदाला ३५-४० एमबी हाती लागतात. आयपॅड प्रोला मात्र २०१८ पासून निदान १० गिगाबिटचा पोर्ट आहे. ॲन्ड्रॉइड टॅबमध्येही हाच प्रकार, स्वस्तातल्या बऱ्याच टॅबला यूएसबी २.० च असतं. ६४ जीबीचं भरलेलं कार्ड टॅबमध्ये घ्यायला यूएसबी २.० वर जवळपास अर्धा तास लागतो. आणि कार्डावरून हबमार्फत एसएसडीवर पाठवत असाल तर वाचणं आणि लिहिणं दोन्ही त्याच एका वाटेने होतं, त्यामुळे वेळ दुप्पट धरा, तासभर. वेगवान टॅब आणि ९० एमबीने वाचणारा रीडर असेल तर हेच काम बारा मिनिटांत होतं. हळू टॅब असला तरी काही बिघडत नाही, फक्त आधी माहीत पाहिजे, नाहीतर रात्री अकराला कार्ड लावून आपण वैतागतो आणि अर्ध्यातच काढतो.

एसएसडी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या. एक्सफॅट, एनटीएफएस, फॅट३२ या ड्राइव्हवर फाइल मांडायच्या वेगवेगळ्या पद्धती. एक्सफॅट आयपॅड, ॲन्ड्रॉइडचे बरेच टॅब, विंडोज, मॅक सगळीकडे चालतो. एनटीएफएस असेल तर आयपॅडला त्यावर लिहिता येत नाही. फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही, त्यामुळे मोठा व्हिडिओ कॉपी करताना ऐनवेळी एरर येतो. फॉरमॅट केलं की ड्राइव्ह पूर्ण पुसला जातो हे सांगायला नको, त्यामुळे हे निघायच्या आदल्या आठवड्यात करायचं काम आहे, गाडीत बसल्यावरचं नाही.

आणि रंगीत तालीम करा, नक्की करा. घरी बसून शंभर-दीडशे फोटो काढा, हेच कार्ड, हाच रीडर, हाच हब, हाच टॅब, हाच एसएसडी लावून पूर्ण कॉपी करून बघा, नंतर एसएसडी घरच्या कॉम्प्युटरला लावून सगळ्या फाइल उघडतात का बघा. काही ॲन्ड्रॉइड टॅबमध्ये ओटीजी (टॅबला बाहेरची वस्तू जोडायची सोय) सेटिंगमधून चालू करावं लागतं आणि वापर नसला की ते आपोआप बंदही होतं, हे घरीच कळलेलं बरं. कॅमेरा अगदी नवा असेल तर त्याची रॉ फाइल टॅबला उघडताच येणार नाही असंही होतं, कारण नव्या कॅमेऱ्यांच्या रॉचा सपोर्ट सिस्टम अपडेटबरोबर येत असतो. फाइल खराब नसते, फक्त दिसत नाही. अशा वेळी कॅमेऱ्यात रॉ अधिक जेपेग लावायचं, जेपेग टॅबवर बघायला आणि रॉ गपचूप एसएसडीवर.

शेवटचं, कॅमेऱ्याचं घड्याळ. दोन कॅमेरे असतील तर दोघांची वेळ फोनशी जुळवा, टाइम झोन बदलला की परत जुळवा. फोटोंचा क्रम याच्यावर लागतो. फाइल नंबरिंग पण सलग राहील असं सेट करा, दर कार्डाला १ पासून सुरू होईल असं नको, नाहीतर एकाच नावाच्या दोन फाइल तयार होतात आणि रात्री झोपेत तुम्ही रिप्लेस दाबता. सलग ठेवलं तरी ९९९९ नंतर नंबर परत ०००१ वर येतोच, त्यामुळे एका फोल्डरमध्ये एकाच दिवसाचे फोटो हा नियम पाळायचा.

कॉपी

कार्ड कॅमेऱ्यातून काढलं की मी पहिल्यांदा त्याच्या डाव्या कडेचं ते इवलंसं लॉकचं बटण खाली ओढते. लॉक असलेल्या एसडी कार्डावरून वाचता येतं, पण सहसा लिहिता किंवा पुसता येत नाही. नखाएवढी गोष्ट आहे पण चुकून डिलीट होण्याची भीतीच जाते. परत वापरायचं असेल तर बटण वर करायचं, भरलेलं असेल तर लॉक तसंच ठेवून डबीत उलटं ठेवायचं. उलटं म्हणजे भरलेलं, सुलटं म्हणजे रिकामं, अंधारातही कळतं. मायक्रोएसडीला हे बटण नसतं, त्याच्या ॲडॅप्टरला असतं.

मग टॅबचा ऑटो-लॉक नेव्हरवर टाका किंवा जास्तीत जास्त वेळ द्या. स्क्रीन बंद झाली किंवा तुम्ही दुसऱ्या ॲपमध्ये गेलात की मोठी कॉपी अडकण्याची शक्यता असते. कॉपी होईपर्यंत फाइल्स ॲप समोरच उघडं ठेवायचं, टॅब टेबलावर सपाट, आणि तोवर कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावणं, लेन्स पुसणं ही कामं उरकायची.

आयपॅडवर फाइल्स ॲप उघडा, डाव्या पट्टीत कार्ड आणि एसएसडी दोन्ही दिसतील. एसएसडीवर आजच्या तारखेचा फोल्डर करा, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, म्हणजे २०२५-११-०३ असं, हा क्रम ठेवला की फोल्डर आपोआप ओळीने लागतात. शेवटी कॅमेऱ्याचं किंवा कार्डाचं अक्षर जोडा, मी कार्डांवर मार्करने ए, बी, सी लिहून ठेवते. मग कार्डावरचं सगळं सिलेक्ट करा, कॉपी, आणि त्या फोल्डरमध्ये पेस्ट. मूव्ह नाही, कॉपीच. ॲन्ड्रॉइडवर फाइल्स किंवा माय फाइल्स ॲपमध्ये हेच.

सगळं म्हणजे खरंच सगळं. फोटो डीसीआयएम नावाच्या फोल्डरमध्ये असतात म्हणून बरेच जण तेवढाच उचलतात. पण सोनीच्या कॅमेऱ्यांचे एक्सएव्हीसी एस व्हिडिओ प्रायव्हेट नावाच्या फोल्डरमध्ये, त्यात एम४रूट, त्यात क्लिप असे आत आत बसलेले असतात. एव्हीसीएचडी व्हिडिओ पण प्रायव्हेटमध्येच. फक्त डीसीआयएम घेतला तर अख्खे व्हिडिओ मागे राहतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. पूर्ण कार्ड जसंच्या तसं उचलायचं, कुठला फोल्डर कशाचा याचा विचारच करायचा नाही.

फोटोज ॲपमधून इम्पोर्ट करायचं असेल तर ते चालतं, पण तो बघण्यासाठीचा रस्ता समजा, बॅकअपचा नाही. इम्पोर्ट संपलं की आयपॅड विचारतो, कार्डावरचे डिलीट करू की ठेवू. कीप. नेहमी कीप. कार्ड लॉक असेल तर हा धोका तसाही उरत नाही.

कॅमेऱ्यातून वायफायने टॅबवर येणारे फोटो हाही बॅकअप नाही हं. बऱ्याच कॅमेऱ्यांची ॲप्स लहान करून फोटो पाठवतात, निकॉनचं स्नॅपब्रिज आपोआप पाठवतं ते २ मेगापिक्सेलचं जेपेग असतं. घरच्यांना लगेच पाठवायला छान, पुढे प्रिंट काढायला नाही.

मोजणी, हीच पायरी सगळे गाळतात

यावर मी जरा जास्त बोलणार आहे. एका ट्रिपमध्ये दिवसभर डोंगरात चालून आले, गादीवर बसून टॅब उशीला टेकवला, कॉपी लावली, आणि पंधरा मिनिटांनी बघितलं तर स्क्रीनवर काहीच चालू नव्हतं, म्हणजे झालं असणार. एसएसडीवर फोल्डर होता, आत फोटो होते, पहिले दोन-चार उघडले, मस्त दिसले. मग सवयीप्रमाणे आकडा बघितला. कार्डावर ७४२ फाइल आणि एसएसडीवर ३९१. उशीवर टॅब कलल्यामुळे रीडरची पिन थोडी सैल झाली होती आणि कॉपी मध्येच थांबली होती, आणि कुठलाही मेसेज माझ्या नजरेला पडला नव्हता. आकडा बघितला नसता तर घरी गेल्यावर कार्ड कॅमेऱ्यात फॉरमॅट करून मी तो सूर्योदय स्वतःच्या हाताने पुसला असता.

तर करायचं असं. कार्डावरच्या फोल्डरवर बोट दाबून ठेवा, गेट इन्फो किंवा डीटेल्स उघडा, फाइल किती आणि एकूण साइज किती ते बघा. एसएसडीवरच्या फोल्डरचं तेच बघा. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. डीसीआयएमच्या आत १००, १०१ अशा आकड्यांनी सुरू होणारे एकापेक्षा जास्त फोल्डर असतील तर प्रत्येकाचं वेगळं बघा. मग पहिली फाइल, शेवटची फाइल आणि मधल्या तीन-चार कुठल्याही उघडा, पूर्ण झूम करा. शेवटची फाइल तर उघडाच, कारण कॉपी तुटली तर अर्धवट राहते ती शेवटचीच, खालचा भाग राखाडी दिसतो किंवा उघडतच नाही. व्हिडिओ असेल तर शेवटाकडे सरकवून दोन सेकंद चालवून बघा.

आकडे जुळले की वहीत एक ओळ: तारीख, कार्ड, फाइल किती. माझी ही वही छोटीशी आहे, पासपोर्टबरोबर राहते. टॅबच्याच नोट्समध्ये लिहिलं आणि टॅबच हरवला तर काय उपयोग.

एसएसडी काढताना इजेक्टचा पर्याय दिसत असेल तर तो वापरा. दिसत नसेल तर कॉपी संपल्यावर एखादा मिनिट जाऊ द्या, ड्राइव्हचा दिवा लुकलुकायचा थांबला की मग काढा. आणि लगेच, त्याच वेळी, एसएसडी वेगळ्या बॅगेत टाका. मी एसएसडी अंगावरच्या छोट्या पाऊचमध्ये ठेवते आणि कार्डांची डबी कॅमेऱ्याच्या बॅगेत. दोघं असाल तर एकाकडे हे, दुसऱ्याकडे ते.

आता बघायचं

हा खरा आनंदाचा भाग, आणि उपयोगाचाही. कॅमेऱ्याच्या तीन इंची स्क्रीनवर सगळेच फोटो शार्प दिसतात. दहा-अकरा इंचावर खरं काय ते कळतं. घरी गेल्यावर कळून काय करणार, आज रात्री कळलं तर उद्या सकाळी परत त्याच जागी जाता येतं.

बघण्याआधी तीन गोष्टी बंद करा: ऑटो ब्राइटनेस, नाइट शिफ्ट किंवा डोळ्यांना आराम देणारा पिवळा मोड, आणि आयपॅड असेल तर ट्रू टोन. ब्राइटनेस साधारण मध्यावर. अंधाऱ्या खोलीत फुल ब्राइटनेसवर बघितलं तर फोटो आहे त्यापेक्षा उजळ वाटतो, मग दुसऱ्या दिवशी आपण उगाच अंडर एक्सपोज करत, म्हणजे फोटो गडद काढत बसतो. उजेडाचा निर्णय डोळ्यांवर सोडू नका, लाइटरूमसारख्या ॲपमध्ये हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) दिसतो, तो उजव्या भिंतीला चिकटलाय का, म्हणजे फोटो जास्तच उजळ झालाय का बघा.

पहिली फेरी भराभर, फक्त फोकस आणि हललंय का. माणूस असेल तर डोळ्यांवर, निसर्ग असेल तर कडेच्या झाडांवर १०० टक्के झूम. इथे एक फसगत होते, बरीच ॲप्स रॉ फाइल पूर्ण उलगडत नाहीत, तिच्या आत दडलेला छोटा प्रीव्ह्यू दाखवतात. सोनीच्या बऱ्याच मॉडेलमध्ये तो १६१६ बाय १०८० एवढाच असतो. झूम केलं की तो धूसर दिसणारच, फोटो बिघडलेला नसतो. म्हणून फोकस तपासायला जेपेग वापरा किंवा रॉ पूर्ण उघडणारं ॲप.

दुसरी फेरी आकाशाची. हे कोणी करत नाही आणि मला ते कळकळीने सांगायचंय. एकदा समुद्रकाठची संध्याकाळ बघत होते, एफ १६ ला (लेन्सचं भोक, म्हणजे ॲपर्चर, बरंच लहान करून) काढलेली, आणि आकाशात वर डावीकडे मसुराएवढा राखाडी ठिपका दिसला. आधी वाटलं पक्षी असेल. पुढचा फोटो, ठिपका तिथेच. त्याच्या पुढचा उभा फोटो, कॅमेरा फिरवल्यावर ठिपकाही त्याच कोपऱ्याबरोबर फिरलेला. म्हणजे सेन्सरवर धूळ. मागे मागे जात बघितलं तर दोन दिवसांपूर्वी लेन्स बदलल्यापासूनच्या प्रत्येक फोटोत होता, उघड्या ॲपर्चरला पुसट, एफ ११ च्या पुढे ठसठशीत. आणखी आठवडा तसाच गेला असता. अशा वेळी हाताचा रबरी ब्लोअर घ्या, कॅमेरा क्लीनिंग मोडवर टाका, तोंड खाली धरा आणि हवा मारा, तोंडाने फुंकर अजिबात नको. कुठे बघायचं तेही सांगते: सेन्सरवर चित्र उलटं पडतं, त्यामुळे फोटोत वर डावीकडे दिसणारी धूळ कॅमेऱ्याच्या समोरून बघताना खाली डावीकडे असते. मग भिंतीचा नाहीतर मोकळ्या आकाशाचा एफ १६ ला एक फोटो काढून परत टॅबवर बघायचा.

तिसरी फेरी निवडीची. स्टार द्या, फ्लॅग लावा, काय जमेल ते, पण डिलीट करू नका. थकलेल्या डोळ्यांनी केलेली निवड सकाळी चुकीची वाटते हे मी इतक्या वेळा बघितलंय. लाइटरूममध्ये दिलेले स्टार क्लाउडमधून घरच्या कॉम्प्युटरवर जातात, पण लक्षात ठेवा की ते ॲप मूळ फाइलपण वर चढवायला लागतं, मोबाइल डेटा बंद ठेवा आणि नेट कमी असेल तर सिंक पॉज करा. हे सगळं नको असेल तर साधा उपाय, आवडलेल्या फोटोच्या नावातले शेवटचे चार आकडे त्याच वहीत लिहायचे. ४११८, ४१३०, ४२०७. घरी दहा मिनिटांत सापडतात.

जेपेग टॅबमध्ये घ्यायचे असतील तर फाइल्स ॲपमध्ये प्रकारानुसार सॉर्ट करा, सगळे जेपेग एकत्र येतात, तेवढेच उचला.

क्लाउड

तिसरी कॉपी म्हणून उत्तम, एकमेव म्हणून नाही. प्रवासातल्या वायफायवर अपलोडचा वेग ५ एमबीपीएस मिळाला तर १० जीबी चढवायला साडेचार तासांच्या आसपास लागतात, आणि मधेच वायफाय परत लॉगिन मागतं. त्यापेक्षा दिवसातले सगळ्यात जवळचे पन्नास जेपेग निवडा, ५०० एमबी धरले तर पंधरा मिनिटांच्या आत काम होतं. बाकी सगळं गेलं तरी ते पन्नास राहतील. टॅब चार्जरवर लावून, ॲप उघडं ठेवून करा.

जागा आधीच बघून घ्या. आयक्लाउडमध्ये फुकट ५ जीबी, गूगलमध्ये १५ जीबी, तीही जीमेल आणि ड्राइव्ह मिळून. गूगल फोटोजची फुकट अमर्याद साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. गूगल फोटोजमध्ये स्टोरेज सेव्हर निवडलं तर १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो लहान होतात, मूळ हवे असतील तर ओरिजिनल क्वालिटी. आणि आयक्लाउड फोटोज चालू असेल तर टॅबवरून डिलीट केलेला फोटो फोनवरून आणि क्लाउडवरूनही जातो, ३० दिवस रिसेंटली डिलीटेडमध्ये राहतो तेवढाच. सिंक म्हणजे बॅकअप नाही ते यामुळेच. टॅब भरला म्हणून फोटो पुसायच्या आधी हे आठवा.

फोनवर काढलेले फोटोही विसरू नका, ट्रिपमधले निम्मे किस्से त्यातच असतात. एअरड्रॉप किंवा क्विक शेअरने टॅबवर घ्या, तिथून एसएसडीवर, किंवा फोनला यूएसबी-सी असेल तर एसएसडी थेट फोनलाच लावा. मेसेजिंग ॲपमधून स्वतःलाच पाठवू नका, फोटो दबतो आणि तारीख-ठिकाणाची माहिती निघून जाते.

पॉवर, ऊन, विमान

पॉवर बँक हातातल्या सामानातच ठेवायची, चेक-इन बॅगेत चालत नाही. १०० वॉट-तासांपर्यंत सहसा अडवत नाहीत, २०,००० एमएएचची बँक ३.७ व्होल्टने गुणली तर ७४ वॉट-तास होते, म्हणजे त्यात बसते. तरी आपल्या विमान कंपनीचा नियम बघून घ्या. एसएसडी आणि कार्डंही हातातच ठेवा. आयपॅड वापरायला ० ते ३५ अंश तापमान कंपनी सांगते, उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला टॅब त्याच्या कितीतरी पुढे जातो, मग तो चार्जिंग थांबवतो किंवा बंदच पडतो. थंडीतून उबदार खोलीत आलात तर कॅमेरा बॅगेतच बंद राहू द्या, त्याच्यावर दव धरतं, पण कार्ड बाहेरच काढून खिशात घ्या म्हणजे कॉपीला उशीर होत नाही.

घरी आल्यावर

एसएसडी कॉम्प्युटरला लावा, सगळे फोल्डर कॉपी करा, आकडे परत वहीशी जुळवा. मग घरातल्या दुसऱ्या ड्राइव्हवर आणखी एक कॉपी. तोपर्यंत कार्डं डबीत उलटीच राहू द्या, लॉक लावलेली. घरच्या दोन्ही कॉपींमधले फोटो उघडून बघितले, वहीतले चार-चार आकडे सापडले, की मग एकेक कार्ड काढायचं, लॉक वर करायचं आणि कॅमेऱ्यात घालून कॅमेऱ्यातूनच फॉरमॅट करायचं, टॅबमधून किंवा कॉम्प्युटरमधून नाही.